खानदेशचे गवत, बल्गेरियाचा गुलाब : एका भेसळीचा रासायनिक इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरोपातील एखाद्या श्रीमंत घरी गुलाबाच्या अत्तराची कुपी उघडली जात असे, तेव्हा दरवळणारा गंध बाल्कन पर्वताच्या पायथ्याच्या गुलाबाचा असे; आणि पुष्कळदा त्यात सातपुड्याच्या उतारावरील एका रानगवताचाही वाटा असे. कुपीवर नाव मात्र फक्त गुलाबाचे.

हे गवत म्हणजे रोशा. कोठे त्याला तिखाडी म्हणतात, संस्कृत वैद्यकग्रंथांत रोहिष. खानदेश, निमाड, बैतूल, वऱ्हाड या पट्ट्यातील कोरड्या, उन्हाळ उतारांवर ते माणसाच्या उंचीला येते. पावसाळा सरता सरता त्याच्या तुऱ्यांवर तांबूस झाक चढते. पान चुरगाळले की प्रथम गुलाबाचा भास होतो, मागाहून किंचित सुंठीसारखा तिखटपणा जाणवतो. गुरे ते आवडीने खातात आणि मग त्यांच्या दुधालाही तो वास येतो, असे जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे.

त्याच्या शास्त्रीय नावाची कथा इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष गंमतीची वाटेल. १७९१-९२ च्या सुमारास टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत क्लॉद मार्तँ हा फ्रेंच सेनानी इंग्रजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत होता. घाटमाथ्यावर घोडी आणि गुरे एका सुगंधी गवतावर तुटून पडतात, हे त्याच्या नजरेत भरले. त्याने बी गोळा करून लखनौला नेले, तेथे लावले आणि कलकत्त्याला विल्यम रॉक्सबर्गकडे धाडले. रॉक्सबर्गने गवताला मार्तँचे नाव दिले; आजही ते 'सिंबोपोगॉन मार्टिनाय' आहे. लखनौचे ला मार्टिनियर विद्यालय ज्याच्या संपत्तीतून उभे राहिले, तोच हा मार्तँ. युद्धांच्या इतिहासात अशी गवताची काडी क्वचितच हाती लागते.

आता भट्टीकडे वळू. खानदेशातील रोशाच्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत, कारण या धंद्याला गवत आणि सरपण यांच्याइतकेच थंड पाणी लागते. दगडामातीच्या चुलाणावर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा बसवायचा, त्यात गवताचे भारे दाबून भरायचे, पाणी ओतायचे आणि झाकणाची फट लिंपून बंद करायची. झाकणातून बांबूची नळी निघे; तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असे. नळीचे दुसरे टोक ओढ्याच्या पाण्यात अर्धवट बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात. हंड्यातली वाफ त्या भांड्यात येऊन थंडावे, पाणी खाली राही आणि तेल वर तरंगे. ते अलगद काढून घ्यायचे.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. रोशा तेलाचा मुख्य घटक एकटा उकळायचा तर सुमारे २३० अंश सेल्सिअस तापमान लागते. हंड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. मग तेल वाफ होऊन नळीत येते तरी कसे?

उत्तर असे की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांच्या वाफा आपापला दाब स्वतंत्रपणे देतात. द्रव उकळतो तो त्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाएवढा झाला म्हणजे. येथे दोन दाबांची बेरीज होते. पाण्याचा दाब बहुतेक पुरेसा असतो, उरलेली थोडी तूट तेल भरून काढते. त्यामुळे मिश्रण १०० अंशांच्या किंचित खालीच उकळू लागते. पाण्याच्या वाफेबरोबर तेल थोडे थोडे वाहून येते, स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या जवळपासही न जाता. गंधद्रव्याचे नाजूक रेणू म्हणूनच होरपळत नाहीत. डाल्टनने १८०१ च्या सुमारास वायूंच्या आंशिक दाबांचा जो नियम सांगितला, त्याचा वापर जगभरचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी शतके आधीपासून करीत होते. अर्थात आच बेताची ठेवण्याचे कसब त्यांना अनुभवानेच येई. जाळ भडकला, तळचे गवत करपले, की साऱ्या घाण्याला धुराचा वास लागे आणि भाव पडे.

व्यापारी या तेलाचे दोन प्रकार मानीत : मोतिया आणि सोफिया. मोतिया गुलाबी वासाचे व महाग, सोफिया उग्र व स्वस्त. कोवळ्या गवताचे तेल ते मोतिया आणि जून गवताचे ते सोफिया, असा समज बराच काळ होता. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हे एकाच जातीचे दोन निराळे वाण आहेत. मोतिया मोकळ्या, उन्हाच्या, कोरड्या जागी वाढते. सोफिया दमट सावलीत. दिसायला दोन्ही इतकी सारखी की नुसत्या डोळ्यांनी फरक करणे अवघड. गवत कापणाऱ्यांना मात्र डोंगराचा कोणता अंग कोणते तेल देतो ते ठाऊक असल्याखेरीज मोतियाचा भाव पदरात पडणे शक्य नव्हते.

तेल मुंबईला येई आणि मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातील बंदरांकडे, तेथून कॉन्स्टँटिनोपलला. तेथील बाजारात त्याचे नाव 'इद्रिस यागी', म्हणजे इद्रिसचे तेल. मूळ गाव कोणालाच ठाऊक नसल्याने युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणायला सुरुवात केली. या तीन शब्दांपैकी पहिले दोन साफ चुकीचे आहेत. ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरॅनियमशी त्याचा वासापलीकडे काही संबंध नव्हता. खऱ्या जिरॅनियम तेलाचे झाड निराळे. ते अल्जीरिया आणि रेयुनियॉं बेटावर लावीत. बाजाराने एकदा नाव ठेवले की ते पुसायला शास्त्रज्ञांनाही जड जाते. पुढे आणखी एक मोठी चूक याच नावातून जन्माला आली. ती योग्य ठिकाणी येईल.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये तेलावर एक संस्कार होई. लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर ते घुसळीत, मग उथळ भांड्यांत उन्हात ठेवीत. तेलाचा रंग उतरे, उग्रपणा कमी होई आणि वास गुलाबाच्या अधिक जवळ येई. तांब्याच्या भांड्यांतून लांबचा प्रवास केलेल्या तेलात तांब्याचा अंश उतरून त्याला हिरवट झाक येते. लिंबातील सायट्रिक आम्ल तांब्याला धरून पाण्यात ओढून नेते, हे लक्षात घेतले की या 'संस्कारा'तील निदान अर्धी जादू उलगडते.

येथून तेल उत्तरेला कझानलिकच्या खोऱ्यात जाई. स्टारा प्लानिना पर्वताच्या दक्षिणेला कझानलिक आणि कार्लोव्हो या गावांभोवती दमास्क गुलाबाची शेती होती, आजही आहे. १८७८ पर्यंत हा मुलूख थेट उस्मानी अंमलाखाली होता. मे-जून या काही आठवड्यांत भल्या पहाटे, दव असतानाच फुले खुडायची आणि त्याच दिवशी भट्टीत घालायची. ऊन चढले की सुगंध उडू लागतो. एक किलो तेलासाठी सुमारे ३,००० ते ४,००० किलो फुले लागतात. पहिल्या उकळीतून मिळालेल्या गुलाबपाण्यावर तेल फारसे दिसतही नाही, म्हणून ते पाणीच पुन्हा ऊर्ध्वपातित करावे लागते. तेव्हा कोठे अरुंद मानेच्या भांड्यात वर पिवळसर थर जमतो.

गुलाबपाण्यावरची हीच साय मोगल दरबारातही कोणीतरी पाहिली होती. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात या शोधाचे श्रेय नूरजहानची आई अस्मत बेगम हिला दिले आहे. गरम गुलाबपाणी थाळ्यांत ओतताना वर येणारा फेसाळ थर तिने थोडा थोडा गोळा केला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' असे नाव दिले. पहिला शोध खरोखर तिचाच का, यावर वाद घालता येईल. परंतु निरीक्षण अचूक आहे.

हजारो किलो फुलांमागे एक किलो, हे प्रमाण एकदा ध्यानात घेतले की भेसळीचा मोह समजतो. रोशाचे तेल गुलाबाच्या तेलापुढे कवडीमोल होते. काही जण ते तयार अत्तरात मिसळीत. अधिक हुशार मंडळी ते भट्टीत घालण्यापूर्वीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडीत. मग दोन्ही तेले एकाच वाफेतून, एकाच नळीतून बाहेर पडत आणि विक्रेता 'हे माझ्या डोळ्यांदेखत भट्टीतून निघाले' असे शपथेवर सांगू शकत असे. शपथ खोटी नसे.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? येथून या कथेत रसायनशास्त्र पहारेकऱ्याच्या वेशात येते.

शुद्ध गुलाबतेल थंड केले की साधारण २० अंशांच्या आसपास त्यात चकचकीत स्फटिक धरू लागतात. हे स्फटिक म्हणजे 'स्टिअरोप्टीन', मेणाच्या जातीचे हायड्रोकार्बन. त्याला स्वतःचा वास नाही, पाकळीवरील मेणाचा तो अंश असतो. रोशाच्या तेलात असे मेण नाही. म्हणून भेसळ वाढली की मेण विरळ होते आणि तेल गोठायला अधिक थंडी लागते. व्यापारी कुपी थंड पाण्यात धरून तेल कोणत्या अंशाला गोठते ते पाही. ही परीक्षा युरोपात सोयीची. मुंबईच्या हवेत शुद्ध तेलही वर्षातले बहुतेक दिवस पातळच राहणार.

भेसळ करणाऱ्यांनी यावर तोड काढली. देवमाशाच्या डोक्यातून मिळणारे स्पर्मासेटी हे मेण तेलात घातले की गोठण्याचे तापमान पुन्हा वर येते. एकीकडे खानदेशचे गवत, दुसरीकडे महासागरातील देवमासा आणि दोघांच्या मध्ये थोडासा गुलाब, अशी ती कुपी. रसायनशास्त्रज्ञांनी मग पुढचा डाव टाकला. स्पर्मासेटी रासायनिकदृष्ट्या एस्टर आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने बनलेले. अल्कलीबरोबर उकळले की त्याचे साबणीकरण होते. गुलाबाचे स्टिअरोप्टीन हायड्रोकार्बन असल्याने त्याच्यावर अल्कलीचा काही परिणाम होत नाही. मेण वेगळे काढा, अल्कलीत उकळा. विरघळले तर देवमासा, तसेच राहिले तर गुलाब.

मात्र मेणाच्या परीक्षा बाजूच्या पुराव्यावर चालतात. मूळ प्रश्न सुगंधाचा होता : रोशाला गुलाबासारखा वास येतोच का?

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याचे उत्तर मिळवले. त्याने भारतीय गवताचे हेच तेल घेतले आणि त्यात कोरडे कॅल्शियम क्लोराइड मिसळले. तेलातील एक घटक या क्षाराशी जोडला जाऊन घट्ट, स्फटिकमय संयुग बनले. बाकीचे घटक धुऊन काढले आणि उरलेल्या घन पदार्थावर पाणी घातले. क्षार पाण्यात विरघळला, धरलेला घटक सुटून वर आला. कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १८, ऑक्सिजनचा १. रंगहीन, गुलाबी वासाचे अल्कोहोल. व्यापारात तेलाचे नाव 'भारतीय जिरॅनियम' असल्याने त्याने या द्रव्याला 'जिरॅनिऑल' म्हटले. वर सांगितलेली मोठी चूक ती हीच. गंधशास्त्रातील एका अत्यंत महत्त्वाच्या रेणूला ज्या झाडाचे नाव मिळाले, त्या झाडातून तो प्रथम काढलेलाच नव्हता. तो निघाला होता रोशातून.

दरम्यान गुलाबतेलावर काम करणाऱ्यांनी आपल्या अल्कोहोलला 'रोडिनॉल' असे ग्रीक गुलाबावरून नाव ठेवले होते. मग १८९४ मध्ये लायप्झिगच्या शिमेल कंपनीतील बर्ट्राम आणि गिल्डमाइस्टर यांनी बाँब टाकला : रोडिनॉल म्हणून दाखवले जाते ते जिरॅनिऑलच आहे. फ्रान्समधून बार्बिए आणि बुव्हो यांनी जोरदार विरोध केला. जर्मन आणि फ्रेंच नियतकालिकांत वाद रंगला. १८७० च्या युद्धाच्या आठवणी ताज्या असल्याने त्याला नुसत्या रसायनशास्त्राचा वास येत नव्हता. १८९६ मध्ये टीमान आणि श्मिट यांनी निवाडा केला, आणि त्यात दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर निघाल्या. गुलाबतेलात जिरॅनिऑल आहेच; त्याच्या जोडीला सिट्रोनेलॉल हे दुसरे, दोन हायड्रोजन अणू अधिक असलेले अल्कोहोल आहे.

या निवाड्याचा व्यापारी अर्थ स्फोटक होता. भेसळीचे द्रव्य आणि अस्सल द्रव्य यांतील एक मुख्य रेणू अगदी एकच होता. रोशातील जिरॅनिऑल आणि गुलाबातील जिरॅनिऑल यांत अणूचाही फरक नाही; कोणतीही साधी रासायनिक परीक्षा 'हा रेणू खानदेशचा, हा कझानलिकचा' असे सांगू शकत नव्हती. कॉन्स्टँटिनोपलचे भेसळखोर नाकाच्या जोरावर जे करीत होते, ते रसायनशास्त्राने जणू बरोबर ठरवले. परंतु तेवढ्यावरून भेसळ निर्दोष ठरत नाही. घेणारा गुलाबाचे पैसे मोजत होता, आणि जिरॅनिऑल म्हणजे गुलाब नव्हे.

का नव्हे, ते समजायला आणखी वेळ लागला. १९०० मध्ये असे आढळले की ताज्या गुलाबात फेनिलएथिल अल्कोहोल मोठ्या प्रमाणात असते, पण ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. त्यामुळे वाफेने काढलेल्या तेलात त्याचा अगदी थोडा अंश उतरतो, उरलेले गुलाबपाण्यात राहते. द्रावक वापरून फुलांचा अर्क काढला, तर त्यात हेच द्रव्य निम्म्याहून अधिक असते. गुलाबाचे अत्तर आणि ताजे फूल यांच्या वासात फरक का जाणवतो, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. गुलाबपाण्याला स्वतःचा निराळा, मृदू वास का असतो त्याचेही.

१९७० मध्ये तर याहून मोठा धक्का बसला. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी गुलाबतेलातील 'डॅमासेनोन' हा घटक जाहीर केला. तेलात त्याचे प्रमाण सुमारे ०.१४ टक्के. तरीही माणसाचे नाक त्याला इतके संवेदनशील आहे की गुलाबाच्या गंधात त्याचा वाटा जिरॅनिऑलच्या बरोबरीने मोजावा लागतो, किंबहुना त्याहून अधिक. तराजूवर जे सर्वांत जास्त भरते तेच नाकाला सर्वांत जास्त जाणवते, हा समज त्याने कायमचा निकालात काढला. रोशाच्या तेलाने गुलाबाचे शरीर पुरवले होते. ओळख पुरवणारे हे अल्पांश घटक त्याच्याकडे नव्हते.

विसाव्या शतकात रोशाला उजळ माथ्याने काम मिळाले. साबणात अल्कली असते, आणि अनेक महागडे सुगंध तिच्यापुढे टिकत नाहीत, जिरॅनिऑल टिकते. रोशातून काढलेले जिरॅनिऑल साबणांच्या गुलाबी वासासाठी उघडपणे, स्वतःच्या नावाने विकले जाऊ लागले. भेसळ म्हणून हिणवलेले द्रव्य कच्चा माल ठरले. शतकाच्या उत्तरार्धात मात्र टर्पेंटाइनपासून आणि खनिज तेलाच्या रसायनांपासून जिरॅनिऑल बनवण्याच्या पद्धती आल्या. आता जंगल, ओढा, ऑक्टोबरचे ऊन यांपैकी कशाचीच गरज उरली नाही, आणि जगातील बहुतेक जिरॅनिऑल कारखान्यातून येऊ लागले. महागड्या सुगंधांसाठी मात्र रोशाच्या तेलाची मागणी टिकली, आणि हे गवत आता रानाबरोबर शेतातही लावले जाते.

या साऱ्या साखळीत एक जागा रिकामी दिसते. क्लॉद मार्तँचे नाव गवताला लागले, याकोबसेनचे नाव रसायनशास्त्राच्या इतिहासात गेले, बल्गेरियाचे नाव कुपीवर राहिले. सातपुड्याच्या उतारावर मोतिया आणि सोफिया ओळखून विळा चालवणारे, ओढ्याकाठी रात्र जागून आच सांभाळणारे यांची नोंद 'स्थानिक भट्टीवाले' एवढ्यावर आटोपते. वसाहतकालीन कागदपत्रांना तेलाचे वजन आणि भाव ठाऊक होते, कापणाऱ्याचे नाव नव्हते. हा कागदपत्रांचा दोष आहे आणि तो भरून काढायचा तर खानदेशच्या गावांत, तेथील बोलींत शोध घ्यावा लागेल. लंडनच्या दफ्तरखान्यात तो सापडणार नाही.

भेसळीचा खेळ थांबलेला नाही. आजच्या प्रयोगशाळा गुलाबतेलाचे घटक वायु-वर्णलेखनाने एकेक करून मोजतात. गुलाबातील सिट्रोनेलॉल जवळजवळ संपूर्णपणे एकाच 'हाताचे', म्हणजे डावीकडे प्रकाश वळवणारे असते. कारखान्यातील स्वस्त सिट्रोनेलॉलमध्ये डावे-उजवे दोन्ही मिसळलेले सापडतात, आणि चोरी तेथे पकडली जाते. गुलाबतेलाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल यांच्या जोडीला त्या बिनवासाच्या मेणाचे घटकही किती असावेत ते ठरवून दिलेले आहे. १७, १९ आणि २१ कार्बन अणूंच्या त्या साखळ्या अजूनही मोजल्या जातात, आणि रोशाच्या तेलात त्या अजूनही नाहीत.